पाणी नेमकं कुठून दिसतं?

पत्र:

सप्रेम नमस्कार. येत्या सप्टेंबरअखेर आमच्या लग्नाला २५ वर्षं पूर्ण होताहेत. गेल्या दोन-तीन वर्षांत मला वाइनची गोडी लागलीय. वाचतो, चव घेतो, थोडंफार कळायला लागलंय. म्हणून द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात, तळ्याकाठच्या एखाद्या खरोखर उंची हॉटेलात चार रात्री राहायचं ठरवलंय. दोन पैसे जास्त गेले तरी चालेल, पण फसायचं नाही. तीन आठवडे रात्री जागून हॉटेलं बघतोय. सगळीकडे तोच पांढरा पलंग, त्यावर टॉवेलचे हंस आणि मागे निळं पाणी. आता डोकं चालेनासं झालंय. चार दिवसांत किती वायनऱ्या होतील? द्राक्षतोडणीच्या दिवसांत जावं का? मळ्यातच राहावं की काठावर? बायको वाइन घेत नाही, पण तिला पाणी आवडतं. तिचे गुडघे थोडे कुरकुरतात. हे सगळं सरप्राइज आहे आणि ती तुमचं सदर वाचते, तेव्हा माझं आणि आम्ही जाणार त्या प्रदेशाचं नाव कृपया छापू नका. सोबत चार हॉटेलांची नावं जोडतोय.

– एक वाचक

उत्तर:

नाव छापलेलं नाही, प्रदेशाचंही नाही. उदाहरणं मी दुसऱ्याच तळ्यांची देणार आहे. पण लग्नाला २५ वर्षं झालेली, गुडघे कुरकुरणारी, पाणी आवडणारी आणि जिच्या नवऱ्याला वाइनचा नवा नाद लागलाय अशी बाई हे पत्र वाचून काही ओळखणार नाही, असं वाटत असेल तर तुमचा आशावाद दांडगा आहे.

असो. तुमच्या पत्रात वाइनबद्दल बरंच काही आहे. बायकोबद्दल त्या मानाने थोडकंच, आणि त्यातलं ‘तिला पाणी आवडतं’ हे सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही घाईत उरकलंय. कसं आवडतं? काठावर बसून पाय बुडवायला? पोहायला? की गॅलरीत खुर्ची टाकून लांबून नुसतं बघत बसायला? तिन्हींसाठी तीन वेगळी हॉटेलं लागतात. पाय बुडवायचे तर अंगणातून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या किंवा लाकडी धक्का हवा. पोहायचं तर तळ उथळ की खोल, आणि सप्टेंबरअखेर पाणी किती गार असतं, हे विचारायला हवं. आणि नुसतं बघायचं असेल तर काठावर राहणं हीच चूक. काठावरून पाण्याची एक पट्टी दिसते, तळं दिसतं ते वरून, उतारावरून.

आता ‘लेक व्ह्यू’ या शब्दाबद्दल. मी एकदा अशी खोली घेतली होती, साध्या खोलीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजून. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. पडदा सरकवला तर समोर पार्किंग, पार्किंगमागे सरूची दाट रांग. तळं नव्हतं असं नाही. बाथरूमच्या खिडकीतून होतं. कमोडच्या झाकणावर उभं राहिलं आणि मान उजवीकडे काढली की तळहाताएवढा चंदेरी तुकडा दिसायचा. मी तरातरा खाली गेले. काउंटरवरच्या मुलाने अतिशय अदबीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण मॅडम, दिसतंय ना?” दिसत होतं. कुठून दिसतं, हे मी बुक करताना विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी फोन करते आणि एकच प्रश्न आधी विचारते: “पलंगावर उशीला टेकून बसलं की पाणी दिसतं का?” याला गोलमोल उत्तर देता येत नाही. ‘दिसतं’ म्हणाले तर पुढचा प्रश्न, कोणत्या खोलीतून, नंबर सांगा. आणि तोच नंबर बुकिंगच्या मेलमध्ये लिहून घ्यायचा. तुम्ही हॉटेल बुक करत नसता, एक खोली बुक करत असता. चांगल्यातल्या चांगल्या हॉटेलातही मागच्या अंगाला, स्वयंपाकघराच्या धुराड्यावर उघडणाऱ्या दोन-तीन खोल्या असतातच, आणि त्या कुणाला तरी द्याव्या लागतात. बुकिंगच्या साइटवरून आलेल्या माणसाला त्या आधी मिळतात, अशी मला दाट शंका आहे.

‘तळ्याकाठी’ या शब्दाची लांबी-रुंदी किती असू शकते, ते बघा. ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या सीमेवर नॉयझीडल नावाचं मोठं तळं आहे. सगळ्यात खोल जागीही दोन मीटरच्या आत. काठाने बोरूचं रान माजलेलं, काही ठिकाणी कित्येक किलोमीटर रुंद. म्हणजे गाव तळ्याकाठचं, हॉटेल तळ्याकाठचं, आणि गच्चीवरून दिसतं काय, तर वाऱ्याने डोलणारा बोरू. त्या उथळ पाण्यावरून शरद ऋतूत धुकं उठतं, ते द्राक्षांवर बसतं, एक विशिष्ट बुरशी धरते आणि तिच्यामुळे तिथली प्रसिद्ध गोड वाइन होते. वाइनच्या नादी लागलेल्याला स्वर्ग. पाय बुडवायला आलेल्या बाईने मात्र काय करायचं?

हंगेरीतल्या बालातोनची गंमत आणखी वेगळी. हे तळं ७७ किलोमीटर लांब आणि सरासरी खोली जेमतेम तीन मीटरच्या आसपास. दक्षिणेचा काठ इतका उथळ की कितीतरी आत चालत गेलं तरी पाणी कमरेवर येत नाही. द्राक्षमळे मात्र प्रामुख्याने उत्तरेला, बदाचोनीसारख्या जुन्या ज्वालामुखींच्या टेकड्यांवर. एकाच तळ्याने तुमच्या घरातला प्रश्न दोन काठांवर मांडून ठेवलाय.

आणि स्वित्झर्लंडमधलं लावो. जिनिव्हा सरोवराच्या उत्तर काठावर, दगडी बांधांची द्राक्षांची पायरी-शेती, २००७ पासून जागतिक वारसा यादीत. तिथले लोक म्हणतात, आमच्या द्राक्षांना तीन सूर्य मिळतात: एक आकाशातला, एक पाण्यावरून परत उसळणारा आणि एक दिवसभर तापलेल्या बांधांतून रात्री झिरपणारा. पण याच उतारावर ‘तळ्यापासून २०० मीटर’ याचा अर्थ नकाशावरचे २०० मीटर. पायांना ते पायऱ्यांच्या हिशेबात लागतात, आणि येताना चढ. शिवाय काठाकाठाने रेल्वे धावते. खिडकीत बसून प्रवास करायला ती जगातल्या सुंदर मार्गांपैकी असेल, पण तुमची उशी आणि पाणी यांच्या मधून ती जात असेल तर विचार करा. तेव्हा दुसरा प्रश्न: “हॉटेल आणि पाणी यांच्यामध्ये काय आहे?” रस्ता, रूळ, सार्वजनिक बाग, दुसऱ्याची भिंत, काहीही असू शकतं. उत्तर आलं तरी उपग्रहाच्या नकाशावर स्वतः बघा. फोटोग्राफरला रस्ता चौकटीबाहेर ठेवता येतो, उपग्रहाला नाही.

गुडघ्यांसाठी तिसरा प्रश्न, लिफ्ट आहे का. जुन्या वाड्यांची, व्हिलांची हॉटेलं देखणी असतात आणि उत्तम नजारा वरच्या मजल्यावर ठेवतात. जिना गोल, अरुंद आणि संरक्षित वास्तू म्हणून लिफ्ट बसवायला मनाई. यात लपवाछपवी नसते, विचारलं की सांगतात.

काठाची दिशाही बघा. उत्तर-दक्षिण पसरलेल्या लांबट तळ्यावर पश्चिम काठाला राहिलात तर सूर्य पाण्यावरून उगवतो, पूर्व काठाला राहिलात तर पाण्यात मावळतो. अमेरिकेतली फिंगर लेक्स ही ११ लांबोडकी तळी बहुतांश अशीच आहेत. तुम्ही दोघं पहाटे उठणारे की संध्याकाळी बसणारे, एवढंच ठरवायचं. पण डोंगर असला की हे गणित बिघडतं. इटलीतल्या गार्डा तळ्याच्या पश्चिम काठावर लिमोने हे अगदी चित्रासारखं गाव आहे, पाठीला उभा कडा. दुपार कलली की ऊन कड्यामागे जातं आणि गाव सावलीत बुडतं. समोरच्या काठावरच्या माल्चेसिनेत तेव्हा लोक ऊन खात बसलेले असतात. तिथे वाराही वेळ पाळतो, सकाळी उत्तरेकडून, दुपारी दक्षिणेकडून. गॅलरीतलं निवांत दुपारचं जेवण डोक्यात असेल तर वाऱ्याबद्दल विचारायला लाजू नका.

(तळी आणि द्राक्षमळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून का असतात, हे तुम्हाला माहीत असेलच, पण वहिनींना सांगायला उपयोगी पडेल. मोठं पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. वसंतात गार पाण्यावरचा गार वारा वेलींचे डोळे लवकर फुटू देत नाही, म्हणून उशिरा पडणाऱ्या गोठवणाऱ्या दहिवरात कोवळे कोंब जळत नाहीत. शरदात तेच पाणी उन्हाळ्यातली ऊब परत करत राहतं आणि घडांना पिकायला आणखी थोडे दिवस मिळतात. फिंगर लेक्समधलं सेनेका तळं १८८ मीटर खोल आहे आणि एवढ्या थंडीच्या मुलखात असूनही क्वचितच पूर्ण गोठतं. त्याच्या उतारावर द्राक्षं टिकली, त्यात या खोलीचा मोठा वाटा आहे.)

तोडणीच्या दिवसांत जावं का? तारीख लग्नाने ठरवलीय, तेव्हा जाणार तर आहातच. उत्तर गोलार्धात सप्टेंबरअखेर म्हणजे ऐन हंगाम. पानांना सोनेरी कड आलेली, रस्त्यावर घडांनी भरलेले ट्रेलर आणि तळघरांतून येणारा आंबूस-गोड वास, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. पण मळ्यातल्या हॉटेलच्या जाहिरातीत जे नसतं ते ऐका. द्राक्षं पिकली की पाखरं येतात, आणि पाखरं राखायला आता मचाण-गोफण नाही, कित्येक ठिकाणी गॅसवर चालणारी तोफ असते. उजाडल्यापासून ठरावीक वेळाने धडाम. तोडणीची यंत्रं बऱ्याच भागांत रात्री किंवा पहाटे चालवतात, कारण गार द्राक्षं वाइनला बरी. म्हणजे तीन वाजता तुमच्या खिडकीखालून हेडलाइट लावलेलं, घरघरणारं, एक मजला उंच यंत्र जाणार. शिवाय ज्या वाइन करणाऱ्या माणसाशी तुम्हाला निवांत गप्पा मारायच्या आहेत, तो या दिवसांत चार तास झोपतो. त्याच्याकडून गप्पांची अपेक्षा ठेवू नका, लांबून बघण्यात मजा आहे. म्हणून माझं मत: हंगामात राहायचं काठावर किंवा गावात, मळ्यात जायचं दिवसा. मळ्यातच राहायचा हट्ट असेल तर तोफेबद्दल सरळ विचारा. हसतील, पण खरं सांगतील.

किती वायनऱ्या होतील? चार दिवसांत तीन. तुमच्या डोक्यात दहा-बारा असणार, मला ठाऊक आहे. एका बैठकीत पाच-सहा वाइन समोर येतात. दुसऱ्या जागी जाईपर्यंत जीभ थकते आणि तिसऱ्या जागी सगळ्याच छान लागतात, तेव्हाच पेट्या विकत घेतल्या जातात. समोर ठेवलेल्या भांड्यात थुंकणं तिथे असभ्य नाही, जाणकार तेच करतात. वेळ आधी ठरवून जा, कारण लहान वायनऱ्या न सांगता आलेल्याला दारातूनच परत पाठवतात.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. बायको वाइन घेत नाही म्हणजे गाडी चालवायला माणूस आहे, असा हिशेब मनात असेल तर तो आत्ताच खोडा. स्वतःच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अनोळखी घाटरस्त्यावर, तिसऱ्या ग्लासानंतर बोलके झालेल्या नवऱ्याचं द्राक्षपुराण ऐकत गाडी हाकायची, ही भेट नाही. गाडी चालकासकट ठरवा. किंवा, तळ्यावर बोटी चालत असतील तर धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं हॉटेल निवडा. जिनिव्हा सरोवरावर शंभर वर्षांहून जुन्या चाकांच्या आगबोटी अजून फिरतात आणि द्राक्षांच्या गावांना लागतात. तुम्ही वाइन चाखायला उतराल, वहिनींना दोन तास पाणी मिळेल. मला विचाराल तर दहा वायनऱ्यांपेक्षा असा एक दिवस भारी.

पैसे कशावर खर्च करायचे? उघडणारी खिडकी, स्वतःची गॅलरी, शांतता आणि हॉटेलातच रात्रीचं चांगलं जेवण, म्हणजे अंधारात बाहेर पडावं लागत नाही. कशावर नाही? ‘रोमान्स पॅकेज’वर. त्यात गुलाबाच्या पाकळ्या असतात, त्या रात्री अकरा वाजता तुम्हालाच चादरीवरून झटकाव्या लागतात. आठ-दहा खोल्यांची लहान हॉटेलं मला आवडतात, पण तिथे न्याहारी एका लांब टेबलावर सगळ्या पाहुण्यांसोबत असू शकते आणि भिंती पातळ असू शकतात. दोन्ही विचारून घ्या. पंचतारांकित आणि निवांत हे दोन वेगळे शब्द आहेत.

शनिवार टाळा. तळ्याकाठच्या हिरवळीवर लग्नं लागतात, आणि दुसऱ्याच्या लग्नातला डीजे तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला नको. रविवारी पोचून गुरुवारी निघा. दरही बहुधा उतरलेले असतात. फक्त सोम-मंगळवारी बऱ्याच लहान वायनऱ्या आणि रेस्तराँ बंद असतात, ते दिवस पाण्यासाठी ठेवा. आणि पैसे परत मिळण्याच्या अटी नीट वाचा. कॅनडातल्या ओकानागन खोऱ्यात ऑगस्ट २०२३ मध्ये वणवे पेटले, तेव्हा केलोना आणि आसपासच्या गावांत पर्यटकांनी हॉटेलात राहायला येऊ नये, असा सरकारी आदेशच निघाला होता. खोल्या मदतीला आलेल्या आणि घर सोडावं लागलेल्या लोकांना हव्या होत्या. ऐन हंगामात असं काही घडू शकतं. थोडे जास्त पैसे देऊन रद्द करता येणारा दर घ्या.

आता तुमची चार हॉटेलं, नकाशावर बघितली. पहिलं काढून टाका: हॉटेल आणि पाणी यांच्यामध्ये चौपदरी रस्ता आहे, आणि तुमच्या फोटोतला तो सुंदर धक्का हॉटेलचा दिसत नाही, शेजारच्या बोट क्लबचा दिसतो. दुसरं चांगलं आहे, पण फार मोठं. परिषदा भरतात, लिफ्टमध्ये गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं भेटतील. तिसरं वर उतारावर, मळ्यांच्या मधोमध आहे, नजारा असा की तुमची झोप कशी उडाली ते कळलं. तोफ आणि लिफ्ट, दोन्ही विचारा. चौथं लहान, जुनं, अगदी पाण्यालगत. अंगणातून चार दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात आणि तोंड पश्चिमेला आहे. त्याच्या फोटोंत एकही टॉवेलचा हंस नाही, हे मला फार आवडलं.

तिसरं की चौथं, हे मी सांगू शकत नाही. तुम्हीही नाही. म्हणून, वहिनी, तुम्ही इथवर वाचलं असणारच. तुम्हाला काही माहीत नाही, असंच राहू द्या. फक्त आज-उद्या जेवताना विषय काढून सहज बोलून टाका, पाण्यात पाय सोडून बसायला बरं वाटतं की वरून बघायला. ते लगेच फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जातील. जाऊ द्या.